साय लावलेली गाडी

गाडीला साय लावणारा माणूस त्या खोलातल्या वस्तीत एकच होता, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! लोक त्यांना आरसेवाले म्हणत. ह्यांच्या मोटरसायकलच्या टाकीत बघून दाढी करता येते, असं कुणीतरी थट्टेनं म्हणालं होतं. आरसेवाल्यांनी ती थट्टा पदवीसारखी मिरवली. एकदा तर खरोखरच साबण लावून टाकीसमोर बसले होते. हनुवटी कापून घेतली, पण पदवी सोडली नाही.

धंदा दुधाचा. पहाटे वस्तीतल्या गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करायचं, गाडीच्या दोन्ही अंगांना भरलेले कॅन अडकवायचे, वळणावळणाचा चढ चढून माथ्यावरचं शीतकेंद्र गाठायचं, तेही टँकर निघायच्या आत. खालच्या वस्तीचं दूध केंद्रावर घालायची ही लाइन त्यांच्या वडिलांपासून घरात होती. वडील कॅन खांद्यावर वाहायचे. आरसेवाल्यांनी गाडी घेतली, ती जुनीच, पण ठेवली मात्र नवरीसारखी. परत आल्यावर कॅनच्या झाकणांना आतून साय चिकटलेली असे. ती बोटानं निपटून घ्यायची आणि गाडीवरचं जेवढं म्हणून काळं रबर दिसेल तेवढ्याला चोळायची, मुठींना, पाय ठेवायच्या दांड्यांना, वायरींवरच्या नळ्यांना आणि इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर जी रबरी टोपी असते तिला तर अगदी लाडानं. रबर असं काळंभोर लखलखायचं की बघत राहावं. लोक नातवंडाला दुधावरची साय म्हणतात. ह्यांना नातवंड अजून नव्हतं, तेव्हा साय गाडीला.

"माझ्या टाचांना भेगा पडल्यात," बायको म्हणायची, "आणि साय कुणाला, तर फटफटीला!"

"टाचा बघून केंद्रावर कुणी वाट सोडत नाही," आरसेवाले म्हणायचे.

अशा माणसाचा खांदा निखळला. गाडीवरून पडून निखळला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. ते पडले गाडी धुताना, स्वतःच सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून घसरून. हात गळ्यात आला. धाकटी लग्न होऊन दूर गेलेली. घरात राहिली थोरली, गोठा सांभाळणारी, कमी बोलणारी, रुंद मनगटांची. तिनं न विचारता किल्ली उचलली.

"चार दिवसांचा प्रश्न आहे," आरसेवाले सगळ्यांना सांगत सुटले. "खांदा बसला की मी आहेच."

पण खांद्याच्या आधी धुकं बसलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं धुकं. खोलात साचलं ते हलायचं नाव घेईना. दोरीवरचे कपडे वाळेनात, काड्यापेटी पेटेना, गुरांच्या पाठीवर पाण्याचे मणी. आणि गाडी चढावर मिसिंग मारायला लागली. खाली अंगणात गुरगुरत सुरू व्हायची, पहिली वळणं घ्यायची आणि पिंपळाच्या वळणावर, जिथं चढ छातीवर येतो, तिथं खोकायची, आचके द्यायची, गप्प व्हायची. भरलेले दोन कॅन, ओला रस्ता, आणि थोरली किक मारून मारून घामाघूम.

"चोक ओढून ठेवत असशील," आरसेवाले म्हणाले.

"नाही ओढत."

"मग क्लच अर्धवट धरत असशील. गाडीला हात कळतो, पोरी. माझ्या हाती कधी असं केलं नाही तिनं."

थोरलीनं मिस्त्रीकडे गाडी नेली. मिस्त्री भला माणूस. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, प्लगवरची टोपी फुगलीय म्हणून तीही नवी घातली. गाडी दोनेक आठवडे सुतासारखी चालली. आरसेवाल्यांनी नव्या टोपीचं कौतुक म्हणून तिला रोज डाव्या हातानं साय लावली. मग गाडी पुन्हा पिंपळाच्या वळणावर बसली.

ह्या वेळी मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "टोपी पुन्हा फुगली म्हणजे नवलच. आता माझ्याकडे ह्या गाडीची टोपी नाही. पलीकडच्या रस्त्यावर दरड आलीय, माल यायला आठवडा तरी लागेल."

आठवडा कुणाकडे होता? त्याच सकाळी थोरली दोन्ही कॅन भरलेलेच घेऊन परत आली होती. गाडी ढकलत केंद्रावर पोचेपर्यंत टँकर निघून गेला होता. मापाड्यानं झाकण उघडून नाक लावलं आणि झाकण परत बसवलं.

"बाबांना सांग," तो म्हणाला होता, "आता सांभाळून घेणं माझ्या हातात नाही. उद्या टँकरच्या आधी दूध आलं नाही, तर खालची लाइन टेम्पोवाल्याकडे जाईल."

रांगेत कुणीतरी हसलं होतं. "पोरीच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं."

हे तिनं घरी आल्यावर सांगितलं, एकेक शब्द जसाच्या तसा, हसण्यासकट. आईनं कपाळावर हात मारला. आरसेवाले ओसरीवर बसून राहिले. वडिलांच्या खांद्यावरचा घट्टा त्यांना आठवला, लिंबाएवढा, लहानपणी ते त्यावर बोट फिरवायचे. तो माणूस पायी चालून जी लाइन राखून गेला ती आपल्या अंगणातून टेम्पोत बसून जाणार! आणि खरं सांगायचं तर त्यांना थोरलीचा राग आला होता.

थोरलीनं नासलेलं दूध वासरांच्या घमेल्यात ओतलं, कॅन सोड्याच्या पाण्यानं घासले आणि घरातून जाड पांघरूण आणलं.

"झोपतेस की काय?" आरसेवाल्यांनी विचारलं.

"तुमचा पाय धड आहे ना? या, किक मारा."

तिनं ओंजळीनं प्लगच्या टोपीवर पाणी शिंपडलं, इंजिनावर पांघरूण टाकलं आणि आत डोकं घातलं. आरसेवाल्यांनी एका हातानं सीट धरून किक मारली. गाडीनं आचका दिला. पुन्हा किक. पांघरुणाखालून थोरलीचा आवाज आला, "अजून एक." मग ती बाहेर आली. केस विस्कटलेले, नाकावर काजळीचा ठिपका. "आता तुम्ही बघा."

आरसेवाल्यांनी डोकं आत घातलं. पेट्रोलचा, तापल्या लोखंडाचा वास. थोरलीनं किक मारली आणि त्या अंधारात त्यांना दिसलं. टोपीच्या कडेतून एक निळा दोरा सुटला, इंजिनाच्या पत्र्यावर चटकन टेकला आणि विझला. पुन्हा एक, वायर टोपीत शिरते तिथून. प्लगमध्ये जायची ती ठिणगी बाहेरच्या बाहेर पळत होती.

"गळतीय," ते आतूनच म्हणाले.

"ओल मिळाली की गळते. कोरड्यात नाही. म्हणून मिस्त्रीच्या दुकानात नीट चालते आणि धुक्यात मरते."

नेमका त्याच वेळी टेम्पोवाला अंगणात आला. लाइन हातात पडायच्या आधीच वस्तीतले गोठे बघत हिंडत होता. त्याला दिसले ते असे: एका हाताचे आरसेवाले, कमरेपासून वर पांघरुणात, कमरेपासून खाली अंगणात.

"हे काय चाललंय, आरसेवाले?"

"फोटो काढतोय," पांघरूण म्हणालं. "हसा जरा."

टेम्पोवाला हसला खरा. "खांदा सांभाळा तुम्ही. आणि वाईट वाटून घेऊ नका. मुलीच्या जिवाला तरी किती ओढायचं? तिच्या हातची गोष्ट नाही ही."

तो गेल्यावर आरसेवाले बाहेर आले. त्यांना वाटलं थोरली चिडली असेल. ती टोपी पिळून वायरीवरून काढण्यात गुंतली होती. टोपी निघाली. मधला भाग टणक होता तसाच होता. पण दोन्ही टोकांची रबरं, एक प्लगला मिठी मारणारं आणि एक वायरीचं तोंड झाकणारं, भिजलेल्या पावासारखी फुगून सैल झालेली. शिवाय कडा कुरतडलेल्या. बारीक बारीक दातांच्या खुणा.

"उंदीर," आरसेवाले म्हणाले. "बघ, उंदरांनी केलंय हे!"

"उंदीर रबर का खातील?"

"त्यांना काय, काहीही चालतं."

थोरलीनं टोपी त्यांच्या नाकाशी धरली. "वास घ्या."

त्यांनी वास घेतला. आंबूस, खवट, जुन्या तुपाचा. ज्या बोटानं त्यांनी रोज ही टोपी चोळली होती त्या बोटालाही नीट हुंगलं तर तोच वास येत असणार. आरसेवाल्यांनी हळूच तो हात मागे घेतला.

"मांजरानं तोंड लावलं असेल," ते म्हणाले.

ओसरीवरून बायकोचं हसू फुटलं. "मांजरानं! डाव्या हाताच्या मांजरानं!"

आरसेवाल्यांचे कान लाल झाले. तेलातुपानं रबर फुगतं, सैल पडतं, आणि वर उंदरांना मेजवानी. किती दिवस ते स्वतःच्या हातानं आपल्या गाडीला रोज थोडं थोडं विष चोळत होते, आणि ठपका ठेवत होते पोरीच्या हातावर. चोक, क्लच, हात कळतो गाडीला. सगळं त्यांना एकदम आठवलं आणि जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं.

"मला म्हणाली का नाहीस?"

"मलाही आत्ता कळलं," थोरली म्हणाली. "संशय होता. पण उगीच तुमच्या लाडक्या सायीवर आळ कशाला?"

तेवढंच. टोमणा म्हणावा तर टोमणा, नाहीतर नुसतं खरं. ती उठून कॅनच्या झाकणांपाशी गेली आणि एक झाकण उलटं करून बघत उभी राहिली. झाकण घट्ट बसावं म्हणून आत फिकट रंगाची जाड रबरी रिंग असते. तिनं नखानं ती रिंग दाबली. खूण उठली नाही.

"बाबा, ह्या रिंगा कधी बदलल्या?"

"ह्या? बदलल्याच नाहीत. वर्षानुवर्षं त्याच आहेत."

"जन्मभर दुधात बुडालेल्या. साय ह्यांनाही रोज लागते. मग ह्या का नाही फुगत?"

रोज त्याच रिंगेवरून आरसेवाल्यांचं बोट साय निपटत आलं होतं. एका बाजूनं साय उचलायची आणि दुसऱ्या बाजूला लावायची, आणि दोन रबरांत फरक असतो हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

गोठ्याच्या खुंटीवर फुटक्या झाकणाची जुनी रिंग लटकत होती. थोरलीनं ती घेतली, धुतली, पुसली. चुलीत खिळा तापत ठेवला. रिंगेचा एक तुकडा कापला आणि मधोमध लाल खिळा टेकवला. धूर निघाला, डोळे चुरचुरले, भोक पडलं. पण वाकडं पडलं आणि एका बाजूनं फाटलं. तिनं तो तुकडा बाजूला टाकला. रिंग हातात वळवळत होती. ती दाबायला दोन हात हवे, आणि खिळा धरलेल्या चिमट्याला एक.

"आण इकडे," आरसेवाले म्हणाले. खाली बसले, रिंग पायाच्या अंगठ्यानं आणि टाचेनं जमिनीवर दाबून धरली. "आता टेकव. घाई नको. आधी बारीक पाड, मग फिरवत मोठं कर."

"पाय भाजेल."

"भाजू दे. पायाला कुठं साय लावायचीय."

दुसरं भोक गोल पडलं. वायरीच्या तोंडासाठी लहान भोकाचा तुकडा, प्लगच्या गळ्यासाठी मोठ्या भोकाचा. थोरलीनं दाढीच्या पात्यानं त्यांच्या कडा तासल्या. फुगलेली रबरं कापून टाकली, टोपी साबणानं धुऊन चुलीपाशी कोरडी केली. वायरीचं कुरतडलेलं टोक छाटलं, आतल्या तांब्याच्या तारा चमकल्या. वायर लहान तुकड्यातून ओवली, तुकडा इतका घट्ट होता की तिला दातांनी ओढावी लागली. मग टोपी वायरीवर फिरवून बसवली, पंक्चरचं सोल्युशन लावून दोन्ही तुकडे चिकटवले, वरून दोऱ्यानं आवळले. हे सगळं करताना ती अधूनमधून बोटं तोंडात घालत होती. आरसेवाल्यांना वाटलं चटका बसला असेल.

सोल्युशन वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. दोरा काढला. काळ्या लखलखीत गाडीच्या मधोमध, अगदी नजरेत भरेल अशी, फिकट पांढरी, ओबडधोबड, दोन गळपट्टे घातलेली टोपी. आरसेवाल्यांच्या जिवाला कसंतरीच झालं.

"वरून काळा रंग मारला तर?" त्यांनी विचारलंच.

"बाबा."

"बरं बरं. राहिलं."

थोरलीनं किक मारली. गाडी सुरू झाली. तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि चालत्या इंजिनाच्या त्या टोपीवर धार धरली. आरसेवाल्यांनी डोळे मिटले. पाणी तापल्या इंजिनावर चुरचुरलं, वाफ उठली. गाडी चालतच राहिली. एक ठोका चुकला नाही.

सकाळी धुकं असं होतं की हाताला हात लागला तरच दिसावा. थोरलीनं कॅन अडकवले, डोक्याला फडकं बांधलं आणि निघाली. चार हातांवर लाल दिवा विझल्यासारखा झाला. मागे राहिला तो नुसता आवाज.

आरसेवाले अंगणाच्या टोकाला उभे होते. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण त्यांना कानांनी पाठ होतं. मोरीचा धबधब आवाज. मग भिंतीजवळचा घुमणारा. गियर खाली पडला, ठीक आहे. इंजिनानं दम घेतला, ठीक आहे. बायको मागे येऊन उभी राहिली. आवाज पिंपळाच्या वळणावर गेला.

आणि थांबला.

धुकं कानात भरल्यासारखं झालं. कुठंतरी एक वासरू हंबरलं. आता ती किक मारत असेल. आता उतरून ढकलत असेल. मागून टेम्पो येईल, भोंगा वाजवून पुढे जाईल. त्यांचा धड हात गळ्यातल्या हाताला घट्ट धरून राहिला. लाइन गेली, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, जे त्यांनाही अपेक्षित नव्हतं: लाइन गेली तर गेली, पण आता त्या रांगेत तिला कुणी हसायला नको.

एक किक ऐकू आली. एकच. गाडी गुरगुरली, आवाज चढला, वळणावर वळला, वर वर गेला, बारीक झाला आणि माथ्यावर जाऊन धुक्यात मिसळला. आरसेवाले मटकन पायरीवर बसले.

थोरली परतली तेव्हा ऊन धुक्यातून वाट शोधत होतं. कॅन रिकामे वाजत होते.

"टँकर?" आरसेवाल्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर चहा पीत होता अजून." तिनं फडकं सोडलं. "मापाडी म्हणाला, लाइन आहे तिथंच राहील. टेम्पोवाला तिथंच होता. गाडीकडे बघून म्हणाला, हिच्या गळ्यात काय बांधलंय? मी म्हटलं, कॅनची रिंग. तर वाकून बघत बसला. हसला नाही कुणी."

"आणि पिंपळाच्या वळणावर? बंद पडली होती ना?"

"पडली नाही. मी बंद केली."

"बंद केलीस? मुद्दाम? भरल्या कॅनांनिशी, त्या चढावर?"

"मग काय करू?" थोरली म्हणाली. "रोज तिथं येऊन धडधडायचं काळीज. म्हटलं, एकदा बघून घ्यावं पुन्हा सुरू होते का. नसती झाली तर तिथंच कळलं असतं. भीतीला मागच्या सीटवर बसवून किती दिवस फिरवायचं?"

आरसेवाल्यांनी आयुष्यात त्या वळणावर कधी गाडी थांबवली नव्हती. थांबवायची हिंमतच झाली नव्हती. वडील त्या वळणावर कॅन खाली ठेवून दम घ्यायचे आणि पुन्हा उचलायचे. हे पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्यांना त्या सकाळी, त्या पायरीवर कळलं.

समोरच्या गोठेवाल्याची म्हातारी दुधाचं भांडं न्यायला आली होती. गाडीकडे बघून म्हणाली, "अगोबाई, काय ध्यान दिसतंय! आरसेवाले, तुमची गाडी ना ही?"

"नाही," आरसेवाले म्हणाले. "थोरलीची."

सवयीनं त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, बोटानं साय निपटली. सवयीनं हात गाडीकडे गेला आणि हवेत थांबला. बोटावर पांढरी, मऊ, ताजी साय. बायको ओसरीवरून टक लावून बघत होती.

"पोरी, इकडे ये. हात दाखव."

थोरलीनं हात पुढे केला. सोड्यानं, गारठ्यानं, मुठींच्या घर्षणानं बोटांच्या पेरापेरांना चिरा पडलेल्या, काही लाल, एक ओली. काल ती बोटं तोंडात का घालत होती ते आता त्यांना दिसलं. एवढे दिवस हे हात समोर होते आणि ते टाकीत बघत बसले होते. धड हातानं त्यांनी साय तिच्या पेरांवर चोळली, एकेक बोट, लाडानं, जशी ती काळी टोपी चोळायचे तशीच.

"झोंबतंय," ती म्हणाली, पण हात मागे घेतला नाही.

"दुसऱ्या झाकणातली माझ्या टाचांना," बायको ओसरीवरून म्हणाली.

"आणतो," आरसेवाले म्हणाले, आणि थोरलीचा दुसरा हात हातात घेतला.